'करवत' वाचायची कशी?

पहिलीतलं पोर 'करवत' हा शब्द कसं वाचतं, ते एकदा कान देऊन ऐका. क, र, व, त. चारही अक्षरं सुटी, प्रत्येकात 'अ' ठासून भरलेला. मग पोर जरा थांबतं आणि एकदम म्हणतं, "कर्वत्!" 'र'मधला आणि 'त'मधला 'अ' गाळायचा, हे लिपीत कुठेच लिहिलेलं नाही. शब्द आधीपासून कानात होता, म्हणून डोळ्यांना सापडला.

आता नांदेड-लातूरकडे बघा. देगलूर-बिलोलीकडे कितीतरी घरांत तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटच्या तांड्यांवर गोरमाटी, शहरांतल्या मोहल्ल्यांत उर्दू. बाराखडी घोटून पक्की झाली, पण शब्द कधी कानावरूनच गेला नसेल, तर पोराने सुट्या अक्षरांवरून शब्दावर उडी मारायची कशी? म्हणून वाचनालयातलं पहिलं काम कानांचं: कुणीतरी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग तेच पुस्तक पोराच्या हातात द्यायचं.

पुढचं तर त्याहून अजब आहे. डेव्हिड शेअर या संशोधकाने १९९५ साली मांडलं, की डोळ्यांना अनोळखी शब्द मुलाने स्वतः उलगडला, की ते उलगडणं हाच त्या शब्दाचा धडा होतो. 'राक्षस' पहिल्या पानावर 'क्ष'पाशी अडतो. तीन-चार वेळा भेटला, की एका नजरेत वाचला जातो. शिकवलं कुणी? राक्षसानेच! पण पाठ्यपुस्तकात तो भेटून भेटून किती वेळा भेटणार? त्यासाठी कपाटभर गोष्टी लागतात, आणि निवड पोराचीच हवी. दोन पानं वाचून पुस्तक परत ठेवलं, तरी कुणी हूं की चूं करू नये.

लातुरात अभ्यासिका गच्च भरलेल्या असतात, पण तिथे पुस्तकं ज्याची त्याने घरून आणलेली, तीही परीक्षेचीच. त्यांना मी वाचनालय म्हणणार नाही. परीक्षा वेगळी, वाचन वेगळं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर इंटरला वारंवार नापास झाले होते. वाचन मात्र अफाट.

आणि पोर एकाच मालिकेची पुस्तकं ओळीने मागत असेल, तर खुशाल देत राहा. तीच माणसं, तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं 'ट्टॉक' पहिल्यांदा जीभ अडखळवतं. दुसऱ्या पुस्तकापर्यंत पोर ते घरभर म्हणत फिरतं.