छातीवरचं अक्षर आणि छातीतलं अक्षर

आपल्या कार्यक्रमात आपण कधी कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, कधी रक्त कमी होण्यावर, कधी वारसनोंदीवर. आज एका कादंबरीबद्दल बोलू या. ती अमेरिकेतली आहे आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. लपवलेलं पाप माणसाला आतून काय करतं आणि चार लोकांत दिलेली शिक्षा बाईला काय करते, हे तिच्यात फार नीट उलगडलं आहे. म्हणून आजचा विषय हा.

कादंबरीचं नाव 'द स्कार्लेट लेटर', म्हणजे लाल अक्षर. लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न. 1850 साली ती बॉस्टन शहरात छापली गेली. तिच्यातली गोष्ट मात्र त्याहून दोनशे वर्षं जुन्या बॉस्टनची आहे. तेव्हा तिथे प्युरिटन लोकांची वस्ती होती.

हे प्युरिटन कोण? प्युअर म्हणजे शुद्ध. इंग्लंडच्या चर्चमध्ये जुन्या रोमन कॅथलिक चालीरीती उरल्या आहेत, त्या काढून धर्म शुद्ध करायचा, असं म्हणणारे हे ख्रिस्ती लोक. 1630 साली त्यांचा मोठा जथा समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला आणि त्यांनी बॉस्टन वसवलं. वागण्याला फार कडक. 1659 साली तर नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड, असा कायदा त्यांनी केला. का, तर नाताळ पाळा असं बायबलमध्ये कुठे सांगितलेलं नाही म्हणून!

कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय, अशी त्यांची श्रद्धा होती. मग आपण तरणाऱ्यांतले आहोत का, हे ओळखायचं कसं? आपल्या वागण्यावरून. त्यामुळे प्रत्येक जण स्वतःवर नजर ठेवायचा, आणि शेजाऱ्यावरही. कॅथलिक पंथात माणूस धर्मगुरूजवळ एकट्यानं पापाची कबुली देतो आणि धर्मगुरू ती कुणालाही सांगत नाही. आपल्या गोव्याकडे कोकणीत त्याला कुमसार म्हणतात. प्युरिटनांनी ही रीत मोडून टाकली. त्यांच्याकडे कबुली द्यायची ती भर सभेत, सगळ्या मंडळीसमोर. म्हणजे मन हलकं करायला आडोसाच उरला नाही. एक तर सगळ्यांसमोर बोला, नाही तर आयुष्यभर गप्प राहा.

आता गोष्ट ऐका. हेस्टर प्रिन नावाची तरुण बाई. तिचं लग्न वयानं बऱ्याच मोठ्या, विद्वान माणसाशी झालेलं. त्यानं तिला पुढे पाठवलं, स्वतः मागून येणार होता. दोन वर्षं झाली तरी त्याचा पत्ता नाही. अशात हेस्टरला मूल होतं. व्यभिचाराला तिथे देहदंडसुद्धा होता. 1644 साली मॅसॅच्युसेट्समध्ये एका स्त्रीला आणि पुरुषाला या गुन्ह्यासाठी खरोखर फाशी दिली होती. हेस्टरचा जीव वाचतो, पण शिक्षा होते ती अशी: तान्हं मूल कडेवर घेऊन बाजारातल्या उंच चौथऱ्यावर सगळ्या गावासमोर उभं राहायचं, आणि जन्मभर छातीवर लाल कापडाचं 'ए' अक्षर लावायचं. व्यभिचाराला इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचं ते पहिलं अक्षर. कपड्यावर अक्षर लावायची शिक्षा लेखकाच्या मनातली नाही बरं का. प्लिमथच्या वसाहतीत 1658 साली तसा कायदाच होता.

तुरुंगाच्या दाराशी बायका जमलेल्या असतात. एक म्हणते, कापडाचं अक्षर कसलं, तापल्या लोखंडानं कपाळावर डाग द्यायला हवा होता. दुसरी म्हणते, ही जगायलाच नको. त्यांच्यात एकच तरुण लेकुरवाळी वेगळं बोलते. तिचं म्हणणं, अक्षर झाकलं तरी कळ तिच्या काळजात राहणारच आहे, मग आणखी कशाला? मैत्रिणींनो, कादंबरीत ही बाई जेमतेम काही ओळींपुरती येते. पण ती नसती, तर त्या गर्दीत माणुसकीचा एक शब्दही ऐकू आला नसता.

चौथऱ्यावर हेस्टरला विचारतात, मुलाचा बाप कोण? ती सांगत नाही. आणि गंमत पाहा, तिला हे विचारायचं काम कुणावर येतं? आर्थर डिम्सडेल या तरुण धर्मगुरूवर. सारा गाव त्याला देवमाणूस मानतो. आणि मुलीचा बाप तोच आहे! तो वरून म्हणतो नाव सांग, आणि आतून थरथरतो. त्याच गर्दीत हेस्टरचा हरवलेला नवराही येऊन पोचलेला असतो. तो चिलिंगवर्थ हे खोटं नाव घेऊन वैद्य म्हणून गावात राहतो आणि आपली ओळख फोडायची नाही, असं हेस्टरकडून वचन घेतो.

म्हणजे एका पापाचे वाटेकरी तीन. एकीचं उघड, एकाचं झाकलेलं, आणि तिसऱ्याचं सूडाचं. पुढची सात वर्षं या तिघांचं काय होतं, ते पाहण्यासारखं आहे.

हेस्टर गावाबाहेर एका झोपडीत राहते आणि शिवणकाम, भरतकाम करून पोट भरते. तिचा हात इतका सुरेख की गव्हर्नरच्या कपड्यांवर तिचं भरतकाम, तान्ह्या बाळांच्या टोप्यांवर तिचं भरतकाम. फक्त नवरीच्या कपड्याला तिचा हात लावून घेत नाहीत. तिचं काम चालतं, ती चालत नाही! मुलीला तिच्यापासून काढून घ्यायचंही घाटतं, तेव्हा ती वाघिणीसारखी भांडते. आजाऱ्याच्या उशाशी ती जाते, गरिबाला अन्न देते. हळूहळू लोक म्हणू लागतात, या 'ए'चा अर्थ समर्थ असा आहे. तिचं दुःख उघड्यावर होतं, म्हणून त्याच्याशी दोन हात करणं तिला जमलं.

धर्मगुरूचं उलट. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. त्याची मूठ कायम छातीवर दाबलेली असते, आणि आत तो पोखरत जातो. उपास करतो, रात्र रात्र जागतो, दार लावून स्वतःच्या पाठीवर कोरडे ओढतो. प्रवचनात मोठ्यानं सांगतो, मी महापापी आहे. लोकांना वाटतं, केवढा हा नम्रपणा! ते त्याला आणखीच पूजतात. आणि तसंच होणार, हे त्यालाही ठाऊक असतं. लेखकानं इथे नेमकं बोट ठेवलंय. 'माझ्याकडून चुका होतात' हे म्हणायला काही लागत नाही. काय केलं, कुणाच्या बाबतीत केलं आणि त्याचा भार कुणी वाहिला, हे सांगितलं तर ती कबुली. बाकीचं नुसतं बोलणं.

एका मध्यरात्री तो त्या चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो. योगायोगानं हेस्टर आणि छोटी पर्ल तिथून जात असतात. तो दोघींना वर बोलावतो. पर्ल विचारते, उद्या दुपारी तू आमच्याबरोबर इथे उभा राहशील? तो म्हणतो, उद्या नाही. देवाच्या न्यायाच्या दिवशी. लेकराला कळतं की अंधारातली कबुली उजेडात चालत नाही.

वैद्याला संशय येतो. तो औषधाच्या निमित्तानं धर्मगुरूच्याच घरात राहतो आणि त्याच्या मनातलं दुखणं उकरत बसतो. तिघांत जास्त बिघडतो तो हाच. खरं तर फसवणूक त्याची झालेली, पण सूडापायी तो माणूसच राहत नाही. शेवटी एका मोठ्या प्रवचनानंतर धर्मगुरू हेस्टरचा आणि पर्लचा हात धरून भर दुपारी चौथऱ्यावर चढतो, सगळं सांगतो आणि तिथेच प्राण सोडतो. शिकार सुटल्यावर वैद्यही वर्षभरात मरतो. मरताना आपली मालमत्ता पर्लच्या नावे करून जातो. हेस्टर मुलीला घेऊन निघून जाते, पण बऱ्याच वर्षांनी एकटी परत येते आणि ते अक्षर आपणहून लावते. आता गावच्या बायका आपली दुःखं घेऊन तिच्याच दाराशी येतात.

लेखकाला हा विषय का सुचला असेल? त्याचे खापरपणजोबांच्या पिढीतले पूर्वज जॉन हॅथॉर्न हे सेलम गावात 1692 साली चेटकिणींच्या खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत 19 जणांना फाशी दिलं, त्यांतल्या 14 बायका. तिथे कबुलीचा खेळ उलटा होता. 'हो, मी चेटूक केलं' असं खोटं कबूल करून त्यावर टिकून राहिली ती वाचली. 'मी नाही केलं' असं खरं बोलत राहिली ती फासावर गेली. दुसरे एक न्यायाधीश सॅम्युएल सीवॉल यांनी 1697 साली चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून दोष आपल्या माथी घेतला. हॅथॉर्न यांनी तसं काही केल्याची नोंद नाही. त्या घराण्याची लाज लेखकानं कादंबरीच्या सुरुवातीला स्वतःवर घेतली आहे.

आणि आपल्या गटातल्या बायकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. 1849 साली लेखकाची सरकारी नोकरी गेली. तेव्हा त्याची बायको सोफिया हिनं घरखर्चातून गुपचूप वाचवलेले पैसे पुढे ठेवले, आणि त्यावर त्याला लिहायला सवड मिळाली, असं सांगतात. सगळंच लपवलेलं वाईट नसतं, मैत्रिणींनो!

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की या तीन प्रश्नांवर बोला. एक, चूक दोघांची असताना अक्षर एकीच्याच छातीवर का? दोन, तुरुंगाच्या दाराशी जमलेल्या बायकांत आपण कोणत्या? तीन, मनातलं ओझं एखादीनं आपल्यापाशी उतरवलं, तर ते बैठकीबाहेर जाणार नाही, असा आपला गट आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तरच कुणी बोलेल. प्युरिटनांच्या गावात असा एकही कोपरा नव्हता. पुढे हेस्टरच्या झोपडीत तो तयार झाला.

पुन्हा भेटू. नमस्कार.