पोकलेनचा ट्रॅक मंदावतो तेव्हा

भोपाळमधील चार इमली म्हटले की दाट झाडी, अधिकाऱ्यांचे व मंत्र्यांचे बंगले आणि चढउतारांचे रस्ते डोळ्यांसमोर येतात. नावात चिंचेच्या चार झाडांची आठवण जपणारी ही वस्ती शांत खरी. परंतु शांत वस्तीलाही जलवाहिन्या, गटारे व इमारतींचे पाये लागतातच. भोपाळची भूमी कोठे काळ्या चिकट मातीची, तर कोठे वरच्या थराखालीच विंध्य पर्वताचा वालुकाश्म. अशा जमिनीत खणतीचे काम आता कुदळीने नव्हे, तर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या उत्खनन यंत्राने होते. समजा, अशाच एखाद्या चढावर यंत्र उभे आहे. चालक दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलतो, पण उजवा ट्रॅक धावतो आणि डावा मागे रेंगाळतो. यंत्र सरळ न जाता डावीकडे वळू लागते. काम थांबते. मजूर बसून राहतात, टिप्पर रांगेत उभे राहतात आणि मालकाच्या डोक्यावर कर्जाच्या हप्त्याचे ओझे असतेच. अशा वेळी पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो: "मोटार गेली, नवी घाला."

हा सल्ला कधी कधी खरा ठरतो, पण परीक्षेवाचून तो देणे योग्य नव्हे, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांस सांगावयाचे आहे. आपल्या व्यापारी बांधवांपैकी जे सुटे भाग, होज, तेल व सील विकतात अथवा यंत्रे भाड्याने देतात, त्यांचा या प्रश्नाशी नित्याचा संबंध येतो. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीचा न मानता आपलाही मानावा, अशी आमची विनंती आहे.

नाव आणि यंत्र

महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात या यंत्रास सरसकट "पोकलेन" म्हणतात. हे मूळचे पोक्लेन या फ्रेंच कंपनीचे नाव. १९७० च्या दशकात लार्सन अँड टुब्रो कंपनीने तिच्या सहकार्याने अशी यंत्रे भारतात बनविली आणि कंपनीचे नाव यंत्राच्या जातीलाच चिकटले. पुढे १९८४ मध्ये टेल्कोने जपानच्या हिताची कंपनीशी करार केला. आज तो वारसा टाटा हिताची या नावाने चालतो. पोक्लेन नावाची उत्खनन यंत्रे आता बनत नाहीत. त्या नावाची जी कंपनी उरली, ती हायड्रॉलिक मोटारी बनविते. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, पिवळे असो वा नारिंगी, कामगाराच्या तोंडी ते पोकलेनच राहते.

सतराव्या शतकात पास्कलने मांडलेला द्रवदाबाचा नियम आणि १७९५ मध्ये ब्रामाने पेटंट घेतलेला हायड्रॉलिक प्रेस, यांच्या पायावर हे सर्व तंत्र उभे आहे. त्यातील एक सूत्र वाचकांनी मनात धरावे: दाबाने बळ येते, प्रवाहाने वेग येतो. ट्रॅकला बळ आहे पण वेग नाही, तर तेल कमी पोहोचत आहे किंवा वाटेत निसटत आहे, असा पहिला तर्क करावा. रिकामे फिरताना वेग ठीक, पण चढावर दम तुटतो, तर एकतर दाब पुरा उभा राहत नाही किंवा दाब वाढताच तेल आतल्या आत गळते.

तेलाची वाट अशी असते. इंजिन दोन मुख्य पंप फिरविते. सर्वसाधारणतः एक पंप एका ट्रॅकला व दुसरा पंप दुसऱ्याला तेल पुरवितो. पंपातून तेल मुख्य व्हॉल्व्हमध्ये येते. चालकाच्या दांड्यापासून आलेला हलक्या दाबाचा पायलट प्रवाह त्या व्हॉल्व्हचा स्पूल सरकवितो. तेथून तेल सेंटर जॉइंटमध्ये उतरते. यंत्राचा वरचा भाग गोल फिरत असल्याने तेल खाली नेण्यास हा फिरता सांधा लागतो. खाली ट्रॅकची मोटार, तिला जोडलेला गिअरचा फायनल ड्राइव्ह, मग स्प्रॉकेट आणि शेवटी ट्रॅकची साखळी. सुमारे २० टन वजनाच्या यंत्रात या मार्गावर दर चौरस सेंटिमीटरला ३५० किलोग्रॅमच्या आसपास दाब चढू शकतो. तरी यंत्राची धाव मंद गतीत ताशी ३ ते ३.५ किलोमीटर व जलद गतीत ५ ते ५.५ किलोमीटर एवढीच असते. एवढ्या लांब वाटेवर दोष कोठेही असू शकतो. मोटार हे त्यातील केवळ एक ठाणे.

आधी प्रश्न, मग पाना

वैद्य नाडी पाहण्यापूर्वी रोग्यास विचारतो, तसे चालकास विचारावे. एकच ट्रॅक मंद आहे की दोन्ही? दोन्ही मंद असतील तर दोष सामाईक ठिकाणी शोधावा: इंजिनचे फेरे, तेलाची पातळी, शोषणाची जाळी, पायलट पंपाचा दाब. एकच मंद असेल तर, पुढे जाताना मंद की मागेही? एकाच दिशेस मंद असेल तर मोटार झिजल्याचा संभव कमी. त्या दिशेचा रिलीफ व्हॉल्व्ह, काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह किंवा पायलट दाब तपासावा. सकाळी ठीक आणि दुपारी तेल तापल्यावर मंद, असे असेल तर झिजलेल्या भागांतून पातळ तेल निसटत असावे. मध्य भारताच्या वैशाखात हा दोष लपून राहत नाही.

आणखी एक प्रश्न फार मोलाचा आहे. बहुतेक यंत्रांत कासव व ससा अशी चित्रे असलेल्या दोन गती असतात. कासवगतीत यंत्र सरळ जाते आणि ससागतीतच एका बाजूस वळते, तर त्या बाजूची मोटार जलद गतीत बदलतच नाही, असे समजावे. गती बदलणारा छोटा स्पूल अडकला असेल किंवा त्याची बारीक नळी तुंबली असेल. एवढ्यासाठी सबंध मोटार बदलणे म्हणजे कुलूप अडकले म्हणून दार तोडणे होय.

मग डोळ्यांनी पाहावे. काळी माती ट्रॅकच्या साखळीत भरून वाळली की विटेसारखी कठीण होते. स्प्रॉकेटमध्ये दगड अडकतो, रोलर फिरायचा थांबतो, आयडलर जाम होतो, किंवा कोणी ट्रॅक प्रमाणापेक्षा अधिक ताणून ठेवलेला असतो. यांपैकी प्रत्येक कारण ट्रॅक मंदावण्यास पुरेसे आहे आणि त्यावरचा उपाय फावडे, पाणी व ग्रीसगन एवढ्यावर भागतो. ताण किती ठेवावा हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे.

उचलून मोजणी

यानंतर मोजणी. तेल सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. सपाट जागी वरचा भाग आडवा फिरवून बकेटने जमीन दाबावी, म्हणजे त्या बाजूचा ट्रॅक वर उचलला जातो. एका पट्टीवर खडूची खूण करून तीन फेऱ्यांस किती सेकंद लागतात ते मोजावे: पुढे आणि मागे, कासवगतीत आणि ससागतीत. हेच दुसऱ्या बाजूस करावे. मग सपाट जमिनीवर २० मीटर सरळ चालवून यंत्र रेषेपासून किती सरकते ते मोजावे. अधांतरी दोन्ही बाजू सारख्या फिरतात, पण जमिनीवर एक मागे पडते, तर भाराखाली तेल गळत आहे, रिलीफचा दाब उतरला आहे, किंवा खालच्या भागात रोलरची अडचण आहे. अधांतरीही मंद असेल तर प्रवाहच अपुरा पोहोचतो किंवा ब्रेक पूर्ण सुटत नाही.

अदलाबदलीची कसोटी

या यंत्राचा मोठा गुण असा की, त्याच्याजवळ स्वतःचे माप आहे. डावी व उजवी बाजू सारख्याच घडणीच्या असतात. एक आजारी असली तरी दुसरी निरोगी बाजू शेजारीच उभी असते. म्हणून नवा भाग विकत घेण्यापूर्वी जुन्यांचीच अदलाबदल करावी.

सेंटर जॉइंटच्या खालून मोटारींकडे जाणाऱ्या होजपैकी डाव्या मोटारीच्या उजवीस व उजव्या मोटारीच्या डावीस जोडाव्यात. आता डावा दांडा उजवा ट्रॅक चालवील, हे चालकास आधी बजावून मोकळ्या मैदानातच हळू चालवावे. मंदपणा दुसऱ्या बाजूस गेला, तर मोटार निर्दोष. दोष वर, म्हणजे जॉइंट, व्हॉल्व्ह, पायलट किंवा पंपात आहे. मंदपणा जागचा हलला नाही, तर दोष खाली आहे. वर असल्याचे ठरल्यास खालच्या होज पूर्ववत कराव्यात आणि हीच अदलाबदल व्हॉल्व्ह व जॉइंट यांच्या मधल्या होजची करावी. या वेळी मंदपणा सरकला तर जॉइंट सुटला आणि शोध व्हॉल्व्हपाशी आला. सरकला नाही तर जॉइंटच्या आतील सील फाटून तेल एका मार्गातून दुसऱ्यात जात आहे. त्यावर सीलचा संच पुरतो. पंपाची शंका आल्यास, त्याच पंपावर चालणारी इतर कामे, म्हणजे बकेट वा वरच्या भागाचे फिरणे, मंदावली आहेत काय ते पाहावे.

दोष खाली असल्याचे ठरले तरी मोटारीस लगेच दोषी धरू नये. मोटारीतील ब्रेक स्प्रिंगने लागतो व तेलाने सुटतो. तो अर्धवट सुटला तर ती बाजू मंद होते आणि हब तापतो. फायनल ड्राइव्हच्या तेलात धातूचे तुकडे आले तर गिअर अथवा बेअरिंग तुटत आहे. तेथील तेलाची पातळी आपोआप वाढली तर मोटारीच्या दांड्याचे सील फाटून हायड्रॉलिक तेल आत शिरले आहे. शेवटी केस ड्रेन, म्हणजे मोटारीतून गळून टाकीकडे परतणाऱ्या तेलाची नळी. पुस्तिकेतील रीतीने तिचे तेल मापात धरावे व दोन्ही बाजूंची तुलना करावी. एका बाजूचे तेल दुसऱ्याच्या मानाने फार अधिक व पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असेल, तेव्हाच मोटार खरोखर झिजली, असे म्हणता येते. ही नळी चुकूनही बंद करू नये. दाब साचून सील फुटते.

जिवाची सावधगिरी

गळती हाताने चाचपू नये. सुईच्या छिद्रातून सुटणारी तेलाची धार त्वचेत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, परंतु आत तेल पसरून बोट किंवा हातही गमवावा लागतो. अशा माणसास दुखत नसले तरी त्वरित शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात न्यावे. गळती पुठ्ठ्याने शोधावी. होज सोडण्यापूर्वी इंजिन थांबवून, बकेट जमिनीवर टेकवून दाब उतरवावा. केवळ बकेटच्या टेकूवर उचललेल्या ट्रॅकखाली कोणीही शिरू नये. चढावर उभ्या यंत्राची ट्रॅक मोटार तर सोडूच नये. ब्रेक तिच्याबरोबरच निघून येतो.

दुकानदाराचे कर्तव्य

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभे राहून नवी मोटार मागते, तेव्हा ती विकणे सोपे असते. पण तीन प्रश्न विचारण्यास पाच मिनिटे पुरतात: "मंदपणा दोन्ही दिशांना आहे का? होजची अदलाबदल केली का? केस ड्रेनचे तेल मोजले का?" उत्तर नकारार्थी आले तर सांगावे, "आधी हे करून या. मोटार कोठे पळून जात नाही." त्या दिवशी मोठी विक्री हुकेल, कदाचित सीलच्या संचाचीच होईल. उलट, मोटार बदलूनही ट्रॅक मंदच राहिला तर गिऱ्हाइकाचे पैसे गेले, दिवस गेले आणि दुकानावरचा विश्वासही गेला. उघडून बसविलेली मोटार परत घेताना जे वाद होतात, ते या धंद्यातील कोणास ठाऊक नाहीत?

ज्याने कर्ज काढून एकच यंत्र घेतले आहे, त्याच्या घरची चूल त्या दोन ट्रॅकवर चालते. त्यास योग्य भाग योग्य वेळी देणे हा व्यापार; आणि जो भाग लागत नाही तो न देणे, हीदेखील व्यापाराचीच नीती. आपल्या दुकानांत मालाच्या यादीशेजारी या तीन प्रश्नांची पाटी लागावी, एवढीच आमची व्यापारी बांधवांस सूचना आहे.