विकत घेतलेली कर्नलकी

टोनी रिचर्डसनच्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ (१९६८) या चित्रपटात रशियाविरुद्धच्या क्रायमियन युद्धातली बालाक्लाव्हाची ती प्रसिद्ध दौड अगदी शेवटी येते. त्याआधी बराच वेळ जातो तो इंग्लंडमधल्या अधिकाऱ्यांच्या कुरबुरींत. भारतात नोकरी केलेला, घोडदळाचं शास्त्र कोळून प्यायलेला कॅप्टन नोलन जेवणाच्या टेबलावर मोझेल वाइन मागवतो, ती काळ्या बाटलीतून येते आणि कमांडर लॉर्ड कार्डिगन खवळतो. एका बाटलीपायी एवढं आकांडतांडव का, हे बघणाऱ्याला कळत नाही. ते कळायला ब्रिटिश सैन्यात तेव्हा अधिकारपद मिळायचं कसं, हे पाहावं लागतं. ते विकत मिळायचं, आणि तेही चोरून नव्हे, सरकारी दरपत्रकाप्रमाणे.

१८२१ च्या दरपत्रकात घोडदळातलं सर्वांत खालचं अधिकारपद, म्हणजे कॉर्नेट, ८४० पौंडांना होतं. लेफ्टनंट १,१९०, कॅप्टन ३,२२५, मेजर ४,५७५ आणि लेफ्टनंट कर्नल ६,१७५. पायदळ स्वस्त: सुरुवात ४५० पौंडांपासून आणि लेफ्टनंट कर्नल ४,५०० ला. मात्र पूर्ण रक्कम दर वेळी मोजावी लागत नसे. हातातलं पद विकायचं आणि वरच्या पदासाठी फक्त फरक भरायचा.

समजा, घोडदळातला एक लेफ्टनंट कर्नल निवृत्त होतोय. त्याची जागा घेणारा मेजर १,६०० पौंड भरतो. मेजरच्या जागी येणारा कॅप्टन १,३५०, कॅप्टन होऊ पाहणारा लेफ्टनंट २,०३५, लेफ्टनंट होणारा कॉर्नेट ३५०, आणि तळाशी नव्याने येणारा पोरगा ८४०. बेरीज करून पाहा, बरोबर ६,१७५ होते. म्हाताऱ्या कर्नलची पुंजी त्याच्या हाताखालच्यांनी वर्गणी काढल्यासारखी जमवलेली असायची. सरकारला वेगळं पेन्शन द्यायला नको, म्हणून तेही खूश. हा हिशेब सांभाळणारे रेजिमेंटचे एजंट लंडनमध्ये असत. त्यातलीच एक कॉक्सची पेढी. १७५८ पासून लष्करी अधिकाऱ्यांचे पैसे सांभाळणारं हे नाव पुढे मुंबईकरांना पर्यटन कंपनी म्हणून माहीत झालं.

आता यातली खोच. पद रिकामं झालं की पहिला हक्क रेजिमेंटमधल्या सर्वांत ज्येष्ठाचा. पण त्याच्याकडे पैसे नसले तर हक्क खालच्याकडे सरके, आणि कालचा पोरगा त्याच्या डोक्यावरून उडी मारून त्याचाच साहेब होई. १८५७ मुळे आपल्याला ठाऊक असलेला हेन्री हॅवलॉक १८१५ मध्ये सैन्यात आला आणि कॅप्टन झाला १८३८ मध्ये. मधली तेवीस वर्षं त्याने पैसेवाली पोरं पुढे जाताना पाहिली. शिवाय अधिकारी लढाईत मेला तर त्याचं पद विक्रीला निघत नसे. ते ज्येष्ठतेने फुकट भरलं जाई आणि त्यात अडकलेली रक्कम मूळ नियमाप्रमाणे बुडे. बायकापोरांच्या हाती त्यातलं काही येत नसे.

दरपत्रकावरची रक्कम ही फक्त कागदावरची. मुंबईत एके काळी पगडीच्या खोलीचं भाडं पावतीवर एक आणि हातात टेकवायची रक्कम भलतीच असे, तसाच हा प्रकार. कायद्याने बंदी, पण सर्वांना माहीत. लॉर्ड बिंगहॅमने, म्हणजे पुढच्या लॉर्ड लुकनने, १८२६ मध्ये सतराव्या लान्सर्सची कमांड २५,००० पौंडांना घेतल्याचं सांगतात. त्याचा मेहुणा कार्डिगन १८२४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी कॉर्नेट झाला आणि आठ वर्षांत एका रेजिमेंटचा कमांडर. त्यासाठी त्याने ३५ ते ४० हजार पौंड मोजले असं बोललं जाई.

तोफखाना आणि इंजिनिअर्समध्ये पदं विकत मिळत नसत. तिथे शिकावं लागे आणि बढती ज्येष्ठतेने होई. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही तसंच. तोफ चुकीच्या दिशेला वळवली तर दिसतं, घोडदळाचा कर्नल कसाही चालतो, असा एकूण हिशेब असावा.

भारताचा संबंध इथे येतो. राजाच्या रेजिमेंटला भारतात जायचा हुकूम आला की श्रीमंत अधिकारी तिकडे न जाणाऱ्या रेजिमेंटमधल्या एखाद्या गरजूशी अदलाबदल करत आणि वर काही पैसे देत. गरजूलाही ते परवडे, कारण भारतात पगारावर जगता यायचं. अशा रीतीने इथे साठत गेले ते लढाया पाहिलेले, पण खिशाने हलके अधिकारी. अकरावी लाइट ड्रगून्स १८१९ ते १८३८ भारतात होती. भरतपूरच्या वेढ्यातही होती. ती मायदेशी परतली तेव्हा तिचा कमांडर होता कार्डिगन. तोवर त्याने स्वतः एकही लढाई पाहिली नव्हती. हे ‘भारतीय’ अधिकारी त्याच्या डोळ्यांत सलत.

हे लोक मेसमध्ये पोर्टर, म्हणजे काळी बिअर पितात, हा त्याचा एक राग. उमराव असलं काही पीत नाहीत, म्हणून त्याने ती बंद केली होती. पोर्टर काळ्या बाटलीत येई. मोझेलची काळी बाटली टेबलावर दिसली आणि त्याला ती पोर्टरच वाटली. खरी घटना १८४० ची, आणि बाटली मागवणारा नोलन नव्हे, कॅप्टन रेनॉल्ड्स. नोलन पंधराव्या हुसार्समध्ये होता. कार्डिगनच्या रेजिमेंटमध्ये तो कधीच नव्हता. चित्रपटाने दोन माणसांचा एक केला, आणि मला ते पटतं, कारण दोघांवरचा डाग एकच होता.

२५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हात घोडदळाचा प्रमुख होता लुकन आणि त्याच्या हाताखाली लाइट ब्रिगेडवर कार्डिगन. मेहुणे-मेहुणे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. लुकन सतरा वर्षं अर्ध्या पगारावर घरी होता. सरसेनापती लॉर्ड रॅग्लनचा हुकूम मोघम होता, नोलनने तो आणला आणि हात भलत्याच दिशेला केला, लुकनने नीट विचारलं नाही. सुमारे ६७० स्वार तोफांच्या तोंडी गेले. शंभरावर मेले, नोलन पहिल्या काहींतच. कार्डिगन धडधाकट परतला आणि रात्री आपल्या खासगी नौकेवर झोपला. ही चूक थेट दरपत्रकाची म्हणता येत नाही, ब्रिगेडची नेमणूक विकत मिळत नव्हती. पण त्या नेमणुकीच्या रांगेत उभं राहण्याची लायकी मात्र दोघांनी पैसे मोजूनच मिळवली होती.

पद्धतीचे पाठीराखे मूर्ख नव्हते. त्यात वेलिंग्टन होता, म्हणजे १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवणारा आर्थर वेलस्ली. त्याची स्वतःची लेफ्टनंट कर्नलकी थोरल्या भावाकडून उसने घेतलेल्या पैशांवर आली होती. त्याचं म्हणणं, ज्यांची देशात मालमत्ता आहे त्यांच्याच हाती फौज असावी. फौजेच्या जोरावर सत्ता बळकावणाऱ्या क्रॉमवेलची आठवण इंग्लंडमध्ये दोनशे वर्षांनीही बुजली नव्हती.

१८७१ मध्ये युद्धमंत्री कार्डवेलने ही खरेदी-विक्री मोडीत काढायचं विधेयक आणलं. उमरावांचं सभागृह ते लांबवू लागलं, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टनने राणीच्या हुकूमनाम्यानेच पद्धत रद्द करून टाकली. उमरावांनी निषेधाचा ठराव केला आणि मग विधेयक निमूट मंजूर केलं, कारण अधिकाऱ्यांची नुकसानभरपाई त्याच विधेयकात होती.

पदं विकणं थांबलं, मेसची बिलं थांबली नाहीत. चांगल्या रेजिमेंटमध्ये घरचा पैसा असल्याशिवाय निभाव लागेना. नुसत्या पगारावर जगायचं तर इंडियन आर्मी, हा हिशेब पुढेही तसाच राहिला. १९०८ मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या, पुढे फील्ड मार्शल झालेल्या बर्नार्ड माँटगोमेरीलाही तिथेच जायचं होतं. गुणानुक्रमात तो छत्तिसावा आला आणि तेवढ्यावर त्याला तिथे जागा मिळाली नाही.