माजी सैनिकांचे मानसोपचार : उपचारात टिकून राहण्याचा प्रश्न

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. इराक युद्धावरून परतलेला एक अमेरिकी सैनिक मानसोपचारासाठी येऊ लागला आहे. पहिल्या दोन भेटींना तो वेळेवर आला. ज्या स्फोटात त्याचा सोबती गेला, त्या दिवसाविषयी तिसऱ्या भेटीत बोलायचे ठरले होते. त्या सकाळी त्याचा फोन आला, ‘गाडी बिघडली आहे.’ त्यानंतर तो आलाच नाही. अशा वेळी ‘त्याला बरे व्हायचेच नाही’ असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. तो बहुधा चुकीचा का असतो, हे या पाठात पाहू.

आजाराचे स्वरूप

आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये स्थान मिळाले. व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या सैनिकांचे अनुभव हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. या विकाराच्या लक्षणांचे चार गट मानले जातात : प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणे, त्याची आठवण करून देणारे सर्व काही टाळणे, विचार व भावना नकारात्मक होणे आणि शरीर-मन सतत सावध राहणे.

यातील दुसरा गट नीट लक्षात ठेवा. टाळल्याने क्षणभर सुटका होते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. आठवण मात्र तशीच राहते.

उपचाराची मागणी

या विकारावर दोन उपचारपद्धती विशेष प्रचलित आहेत. ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’मध्ये रुग्ण ती आठवण सविस्तर सांगतो आणि टाळलेल्या, पण प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने जातो. ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’मध्ये साधारण १२ भेटींत ‘चूक माझीच होती’ यांसारखे विचार तपासले जातात.

येथे पेच दिसतो. आजार म्हणतो ‘टाळ’. उपचार म्हणतो ‘सामोरा जा’. म्हणजे भेट चुकवणे हे अनेकदा आजाराचेच लक्षण असते.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या केंद्रांत ९१६ माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही पद्धतींनी लक्षणे कमी झाली. तरीही पहिल्या पद्धतीत सुमारे ५६ टक्के, तर दुसरीत सुमारे ४७ टक्के जणांनी उपचार पूर्ण केले नाहीत. सोडणारा प्रत्येक जण अपयशी ठरतो असे नाही. काही जण बरे वाटू लागल्यानेही थांबतात. पण ज्यांचा त्रास तसाच राहतो, त्यांची झोप, नोकरी आणि घर यांवरचा भार कायम राहतो.

टिकून राहण्यास मदत कशी करावी?

१. आधीच सांगावे. ‘मधल्या काही भेटींनंतर त्रास वाढल्यासारखा वाटेल, येऊ नये असे वाटेल’ हे उपचारकाने सुरुवातीलाच सांगावे. मग ती इच्छा झाली, तरी रुग्ण तिला ओळखू शकतो.

२. चुकलेल्या भेटीविषयी विचारावे. दोष न देता लगेच फोन करावा. ‘का आला नाहीत?’ यापेक्षा ‘मागच्या भेटीनंतर कसे गेले?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

३. घरच्यांना सोबत घ्यावे. अमेरिकी माजी सैनिकांवरील एका अभ्यासात असे दिसले की, त्रासदायक गोष्टींना सामोरे जाण्यास जवळची माणसे प्रोत्साहन देत होती, ते उपचारात टिकण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. ‘नको वाटत असेल तर जाऊ नकोस’ हे प्रेमाने म्हटलेले वाक्य नकळत आजाराची बाजू घेते.

४. व्यावहारिक अडथळे दूर करावेत. लांबचा प्रवास, नोकरीच्या वेळा, मुलांचा सांभाळ ही कारणे नेहमीच सबबी नसतात. व्हिडिओद्वारे भेटी घेता येतात. आठवड्याला एक भेट जमत नसेल, तर दोन आठवडे जवळजवळ रोज भेटी घेण्याचा पर्यायही अभ्यासला गेला आहे.

५. निवड रुग्णाची असावी. पद्धत आणि गती त्याच्याशी बोलून ठरवावी. थांबण्याचा हक्क त्याला आहेच. परत येण्याचे दारही उघडे ठेवावे.

भारतासंदर्भात

मदत मागणे म्हणजे दुबळेपणा, ही समजूत गणवेशाबरोबर उतरत नाही. आपल्याकडेही माजी सैनिकाच्या घरात ती आढळू शकते. ‘टेली-मानस’ ही राष्ट्रीय सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फोन ही पहिली पायरी आहे. पुढच्या भेटींसाठी वरील पाचही मुद्दे लागू होतात.

सारांश

उपचार सुरू करून देणे हे अर्धे काम आहे. त्यात टिकवून ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

विचार करा : सुरुवातीच्या प्रसंगातील सैनिकाला तुम्ही फोन केला, तर तुमचे पहिले वाक्य काय असेल? ते लिहून पाहा आणि त्यात दोष देणारा एखादा शब्द आला आहे का, ते तपासा.