अकरा महिन्यांचा कागद

हॉस्टेलची यादी लागली की उरलेली मुलं कामोठ्यात रूम शोधायला निघतात. मीही तिथलाच भाडेकरू. एजंटचं ठरलेलं वाक्य असतं, "अकराच महिने ना? मग रजिस्ट्रेशन कशाला, स्टॅम्पपेपर पुरे!"

हा समज येतो केंद्राच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी घरमालकाची. टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायचं काम मालकाचं.

मालकाचाही फायदा आहेच. मुदत संपूनही खोली न सोडणाऱ्याला कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागतं.

कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे, म्हणून नोंदणी फी १००० रुपये. मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का. चौघांत वाटला तर खर्च तो किती!

सही करताना डिपॉझिटचा आकडा आणि परतीची तारीख वाचा. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला. कागदावर नावच नसेल, तर डिपॉझिट मागायला कोणत्या तोंडाने जाणार?