ग्राफीनच्या उंबरठ्यावर अडलेली उष्णता

फोनवर बराच वेळ व्हिडिओ पाहिला की त्याची पाठ गरम लागते ना? एवढ्याशा चिपची ही ऊब. आता बंगळूरजवळची इलेक्ट्रॉनिक सिटी डोळ्यांसमोर आणा. १९७८ साली आनेकल तालुक्यात ती वसवली गेली. तिथे असे किती संगणक रात्रंदिवस तापत असतील! उष्णता वाहून न्यायला हवेपेक्षा पाणी कितीतरी सरस. पण २०२४ च्या उन्हाळ्यात याच शहराने पाण्याची तीव्र टंचाई सोसली. तेव्हा थोड्या पाण्याकडून जास्त काम कसं करून घ्यायचं, हा प्रश्न काही निव्वळ पुस्तकी नाही.

इथे ग्राफीन आठवतं. कार्बनचा हा पापुद्रा फक्त एका अणूएवढा जाड असतो. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये चक्क चिकटपट्टीने तो ग्रॅफाइटवरून सोलून काढला आणि २०१० चं नोबेल मिळवलं. २००८ च्या मोजमापात त्याची उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याच्या दहापटीहून जास्त भरली.

मग लावा पापुद्रा आणि सोडा पाणी, झालं काम? नाही. पापुद्र्यातून सुसाट आलेली उष्णता पाण्यात उतरताना अडखळते. घन आणि द्रव यांच्या सीमेवरचा असा अडथळा प्योत्र कापित्सा यांनी १९४१ मध्ये द्रवरूप हेलियममध्ये पाहिला होता.

उष्णता म्हणजे अणूंची थरथर. ग्राफीनमधले अणू एकमेकांना घट्ट बांधलेले, म्हणून त्यांची आडवी थरथर अतिशय जलद, कसून ताणलेल्या तारेसारखी. पाण्याचे रेणू त्या मानाने सैल. दोघांचे सूर जुळत नाहीत. चादर झटकल्यावर उठतात तशा ग्राफीनच्या वरखाली होणाऱ्या संथ लाटाच काय त्या पाण्याला हलवतात.

हा अडथळा काही नॅनोमीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतका. आपल्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर, तेव्हा पातेल्यातल्या पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण वाटच दहा नॅनोमीटर रुंद असेल, तर सगळा खेळ तिथेच अडतो.

उपाय आहे. ग्राफीनवर ऑक्सिजनयुक्त अणुगट चिकटवले की पाणी त्यांना बिलगतं आणि उष्णता सहज उतरते. मात्र त्याच गटांमुळे ग्राफीनच्या आतली सुसाट वाट खडबडीत होते. किती गट चिकटवायचे, याची गणितं संशोधक संगणकावर मांडतात. आणि ती मांडताना तो संगणकही तापतोच!