ब्रेकच्या भुकटीचे हट्टी डाग
ब्रेक दाबताच पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून जी लोहकणमिश्रित तप्त भुकटी उडते, ती अलॉय चाकावरील पारदर्शक लेपात रुतून तेथेच गंजते. म्हणूनच नुसत्या पाण्याने ती हटत नाही. चाक पूर्ण थंड झाल्यावर, सावलीत, मुबलक पाणी मारून मगच आम्लरहित क्लीनर लावावा. त्यात थायोग्लायकोलेट असल्यास ते लोहाशी संयोग पावून जांभळे होते, आणि हा रंगबदल म्हणजे मला रसायनशास्त्राचा मोठा मनोहर दाखला वाटतो. द्रावण वाळण्यापूर्वीच मऊ ब्रशाने घासून धुवावे. तारेचा ब्रश व तीव्र आम्ल यांस सक्त मनाई. कोरडी भुकटी हवेच्या झोताने तर कदापि उडवू नये; जुन्या मोटारींच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांस घातक आहेत.